शिक्षण-परिषद आणि साथीचे दिवस

(आपल्या संस्थेच्या वार्षिक शिक्षण-परिषदेची पूर्वतयारी करण्यासाठी बोलाविलेल्या सभासदांच्या सभेत एका निवृत्त शिक्षक-सभासदांनी केलेले भाषण)



आपली शिक्षण-परिषद यापुढे कोणत्या दिवसांत, कोणत्या जागी व कोणत्या रीतीने भरवावी, म्हणजे तीस येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस, मुलांस व आजारी माणसांस अपाय होणार नाही, या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली आहे. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन व अध्यापनाचा दाखला घेऊन आयुष्यभर मुलांच्या वर्गात उभा राहिलेला मी एक शिक्षक आहे. परंतु चाळीस-पन्नास मुले एका खोलीत कोंडली म्हणजे एकाची सर्दी आठवड्याभरात कितीजणांच्या नाकापर्यंत जाते, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? त्या अनुभवास अलीकडच्या शास्त्रीय माहितीची जोड देऊन मी चार गोष्टी आपणापुढे ठेवणार आहे, आणि शेवटी एक सूचनाही मांडणार आहे. ती काहींस रुचणार नाही, हे मी जाणून आहे.

प्रथमच एक शंका दूर केली पाहिजे. कित्येकजण म्हणतात, "कोरोना गेला; आता ही चर्चा कशाला?" जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी पुकारलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेतली, हे खरे. आपल्या राज्याने तर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, सर्व निर्बंध उठविले. पण आणीबाणी मागे घेणे वेगळे आणि रोग नाहीसा होणे वेगळे. तो रोग आहेच. त्याच्या जोडीला दरवर्षीचा इन्फ्लुएंझा आहे, गोवर आहे, क्षय आहे. शिवाय साथ ही आपल्या समाजास नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने गावे सोडून माळरानावर झोपड्या बांधून दिवस काढले. सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतानाच मृत्यू आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा जो कायदा झाला, तोच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्य शासनाने पुन्हा लागू केला. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हत्यार अजून कपाटात होते व ते काढावे लागले, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

प्लेग व कोरोना यांत एक मोठा भेद मात्र आहे. प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरे. म्हणून उंदरांचे घर सोडून उघड्यावर जाणे हा उपाय लागू पडे. कोरोना व इन्फ्लुएंझा हे माणसाच्या श्वासातून पसरतात. तरीही उपाय उघड्यावर जाण्याचाच निघावा, हा मोठा मौजेचा योगायोग आहे. कारणे निराळी, पण औषध एकच.

श्वासातून म्हणजे नेमके कसे, हे समजून घेतल्याशिवाय परिषदेची व्यवस्था ठरविता येणार नाही. म्हणून तेथे थोडा थांबतो. आरंभी आपणा सर्वांस असे सांगण्यात आले होते की, शिंकताना-खोकताना मोठे थेंब उडतात व ते हातभर, दोन हात अंतरावर खाली पडतात. म्हणून हात धुवा व अंतर राखा. हा उपदेश खोटा नव्हता, अपुरा होता. बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही अत्यंत सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते खाली न पडता उदबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली तर वास दुसऱ्या कोपऱ्यात येतोच. मग मध्ये सहा फुटांचे अंतर असो वा सोळा फुटांचे. खिडक्या उघड्या असल्या तर धूर निघून जातो, बंद असल्या तर साठत जातो. सारे मर्म या एका दृष्टांतात आहे.

याचे पुरावे त्या पहिल्याच वर्षी मिळाले होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यात हौशी गायकांचे एक मंडळ आहे. १० मार्च २०२० रोजी त्यांची तालीम झाली. एकसष्ट माणसे जमली होती व तालीम अडीच तास चालली. दाराशी हात स्वच्छ करण्याचे द्रावण ठेविले होते, कोणी कोणास आलिंगन दिले नाही. म्हणजे त्या दिवसांत जे सांगितले जात होते ते सारे त्यांनी पाळले. त्यांच्यापैकी एकास सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे त्या एकसष्टांपैकी त्रेपन्न जण आजारी पडले (काहींचे निदान तपासणीने निश्चित झाले, काहींचे लक्षणांवरून झाले) आणि दोघे दगावले. हात धुऊन जे टळले नाही ते खिडक्या उघडून बरेचसे टळले असते.

दुसरे उदाहरण चीनमधील ग्वांगझौ शहरातील उपाहारगृहाचे. २४ जानेवारी २०२० रोजी तेथे तीन कुटुंबे शेजारशेजारच्या मेजांवर जेवावयास बसली होती. एका कुटुंबात वूहानहून आलेला रोगी होता. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र तीच ती हवा त्या तीन मेजांवरून फिरवीत होते. तिन्ही कुटुंबे मिळून दहा माणसांस रोग झाला. पुढे शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन मोजमाप केले, तेव्हा असे दिसले की, बाहेरची ताजी हवा दर माणशी सेकंदास जेमतेम एक लिटरच्या आसपास मिळत होती. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

आणि तिसरे उदाहरण तर प्रत्यक्ष परिषदेचेच आहे. २६ व २७ फेब्रुवारी २०२० या दिवशी अमेरिकेत बोस्टन येथे बायोजेन नावाच्या औषधी कंपनीच्या अधिकाऱ्यांची परिषद एका हॉटेलात भरली. सुमारे पावणेदोनशे माणसे होती. औषधे तयार करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची ही सभा! तेथून रोग अनेकांबरोबर घरोघरी गेला, आणि त्या विषाणूच्या अंगच्या खुणांवरून शास्त्रज्ञांनी तो पुढे किती दूरवर पसरला याचा मागही काढला. परिषदेस येणारी माणसे दूरदूरच्या गावांहून येतात, दोन दिवस एकत्र बसतात, एकत्र जेवतात आणि पुन्हा दूरदूरच्या गावी परततात. रोगाच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था ती कोणती?

तेव्हा परिषदा बंदच कराव्यात काय? तसा माझा मुळीच अभिप्राय नाही. २०२० व २०२१ या वर्षी काय झाले ते आठवून पाहा. आषाढी एकादशी १ जुलै २०२० रोजी आली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस. टी. च्या गाडीतून पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ सालीही तसेच झाले. आणि २०२२ मध्ये वारकरी पुन्हा पायी चालले. वारी मोडली नाही, तिने रूप बदलले. नाशिकचे चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२१ च्या मार्चात व्हावयाचे होते, ते पुढे ढकलून ३ ते ५ डिसेंबर या दिवशी भरविण्यात आले. संमेलनाध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणाने उपस्थित राहू शकले नाहीत, तरी त्यांचे विचार सभेपुढे आले व संमेलन पार पडले. अध्यक्षांवाचून संमेलन होऊ शकते, तर एखाद्या उपाध्यक्षांवाचून आपली परिषद अडावयाचे काही कारण नाही. उलट, इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये बंगळूरला झाल्यावर एकदम जानेवारी २०२३ मध्ये नागपुरास भरले. मधली दोन वर्षे रिकामी गेली. थांबण्याने काय गमावले जाते, हेही विसरता कामा नये.

आपण त्या दोन वर्षांत परिषद संगणकावरून घेतली. तिच्या गुणदोषांविषयी माझे मत मिश्र आहे. दुबई, सिंगापूर, अमेरिका येथील आपली मुलेमुली प्रथमच परिषदेत बोलली. अंथरुणास खिळलेल्या सभासदांनी उशीवर डोके ठेवून भाषणे ऐकली. हा लाभ लहान नव्हे. परंतु खेड्यातील आपल्या कुटुंबांचे काय झाले? 'असर' या नावाने ग्रामीण शिक्षणाची जी पाहणी होते, तिच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे बासष्ट टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हेच प्रमाण छत्तीस टक्क्यांच्या आसपास होते. दोन वर्षांतील वाढ डोळ्यांत भरण्याजोगी खरीच. पण उरलेल्या अडतीस टक्क्यांचे काय? शिवाय घरी फोन असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे. तो वडिलांच्या खिशातून सकाळी कामावर जातो आणि रात्री परत येतो. ज्या मुलास शिष्यवृत्तीची माहिती सर्वांत अधिक हवी होती, नेमका तोच मुलगा त्या संगणकी परिषदेत नव्हता. म्हणून माझे म्हणणे असे की, परिषद प्रत्यक्ष भरावीच. आणि ज्यांस येणे शक्य नाही त्यांच्यासाठी संगणकाचे दारही उघडे ठेवावे. मात्र ते दार मागील दार असू नये. दूरस्थ सभासदांस आवाज नीट ऐकू जाण्यासाठी वक्त्याच्या गळ्याशी स्वतंत्र ध्वनिग्राहक हवा, आणि प्रश्नोत्तरांत त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत; नाही तर "वेळ संपली" ही सूचना नेहमी त्यांच्याच वाट्याला येते.

आता जागेचा प्रश्न. गेली काही वर्षे आपण परिषदेसाठी एक वातानुकूलित सभागृह भाड्याने घेतो. खुर्च्या गुबगुबीत आहेत, व्यवस्था उत्तम आहे, यात वाद नाही. पण त्याच्या खिडक्या उघडतच नाहीत. जुन्या सवयीप्रमाणे मी तेथे एक त्रैराशिक मांडून पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जागांसाठी दर माणशी सेकंदास दहा लिटर ताजी हवा असावी असे सुचविले आहे. म्हणजे तासाला छत्तीस हजार लिटर, अर्थात् ३६ घनमीटर. आपली दोनशे माणसे धरली तर तासाला ७,२०० घनमीटर हवा लागेल. सभागृह वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद व पाच मीटर उंच धरले तर त्यात मावते १,२०० घनमीटर. म्हणजे तासातून सहा वेळा, दर दहा मिनिटांनी, सभागृहभर हवा बाहेरून नवी आली पाहिजे. आता भिंतीवरची ती यंत्रे काय करतात? ती आतलीच हवा ओढून, गार करून पुन्हा आतच सोडतात. गारवा म्हणजे ताजेपणा नव्हे, ही गोष्ट आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांसही पटत नाही. ग्वांगझौच्या उपाहारगृहातील तो सेकंदास एक लिटरचा आकडा आठवावा. आपल्या सभागृहाची गत त्याहून फारशी चांगली असेल असे मला वाटत नाही.

वाटण्यावर विसंबण्याचेही कारण नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे लहानसे यंत्र बाजारात मिळते. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. आपण श्वासावाटे जी हवा सोडतो तीत चाळीस हजारांच्या घरात असतो. म्हणून बंद जागी तो आकडा जसजसा चढतो, तसतशी आपण एकमेकांची उच्छ्वासित हवा पुन्हा श्वासात घेत आहोत असे समजावे. आठशेच्या आत असेल तर उत्तम; हजाराच्या बराच वर गेला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, नाही तर सभा थोडा वेळ बरखास्त करावी. आपल्या संस्थेने असे एक यंत्र विकत घ्यावे व परिषदेच्या दिवशी ते एखाद्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन दर पंधरा मिनिटांनी आकडा फळ्यावर लिहावयास सांगावे. शिक्षण-परिषदेत थोडे शिक्षणही होईल.

या सर्वांपेक्षा सोपा मार्ग म्हणजे शाळेचे पटांगण. वर छत, खाली सतरंज्या व खुर्च्या, आणि बाजू मोकळ्या. येथे मांडववाल्यांस बजावून सांगितले पाहिजे. शोभेसाठी चारी बाजूंनी कनाती लावण्याची त्यांची हौस दांडगी असते, आणि चारी बाजूंनी कनाती लावलेला मांडव म्हणजे कापडाचे बंद सभागृहच होय. निदान समोरासमोरच्या दोन बाजू पूर्ण उघड्या असाव्यात. पटांगणाचेही दोष आहेत. ते झाकून ठेवणे बरे नव्हे. पावसाळा संपल्यावर डेंग्यूचे डास असतात व ते दिवसाच चावतात. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून परिषदेपूर्वी दोन आठवडे तरी स्वयंसेवकांनी दर चार-पाच दिवसांनी शाळेच्या आवारात फिरून कुंड्या, टाक्या, फुटके डबे, गच्चीवर साचलेले पाणी यांचा निकाल लावावा. एका रोगातून सुटून दुसऱ्याच्या तावडीत सापडणे हे काही नियोजनाचे लक्षण नव्हे.

मुखपट्टीविषयी फार बोलत नाही. तो विषय आता लोकांस नकोसा झाला आहे. एवढेच सांगतो की, हनुवटीखाली लोंबणारी मुखपट्टी ही शुद्ध करमणूक आहे. वापरावयाची तर नाकावर घट्ट बसणारी, एन-९५ जातीची वापरावी. मोकळ्या मांडवात ती प्रत्येकाच्या मर्जीवर सोडावी. परंतु नावनोंदणीच्या मेजावर ज्यांस हवी त्यांच्यासाठी ती ठेवावी, आणि लावणाऱ्याकडे पाहून कोणी हसू नये. त्याच्या घरी कोण आजारी आहे हे आपणास कोठे ठाऊक असते? मात्र व्यासपीठावरील वक्त्याने मुखपट्टी काढून, श्रोत्यांपासून दूर उभे राहून बोलावे. ज्यांस कमी ऐकू येते अशी माणसे ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखतात. आपल्या ज्येष्ठांत त्यांची संख्या थोडी नाही.

आपल्या काही जुन्या चालीरीतींकडेही पाहणे भाग आहे. सत्काराच्या वेळी पेढा स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या मुखात घालण्याची प्रथा आहे. एकच हात, एकच पेटी, आणि पंचवीस मुखे! पेढा हातावर ठेवल्याने प्रेम कमी होत नाही. पाण्याच्या पिंपात प्रत्येकाने पेला बुडविण्याऐवजी पिंपास तोटी असावी. जेवताना कोणाचीही मुखपट्टी राहत नाही व गप्पांस तर ऊत येतो. म्हणून जेवण निश्चितपणे उघड्यावरच व्हावे. या बाबतीत हातात ताट घेऊन रांगेत खेटून उभे राहण्याच्या नव्या पद्धतीपेक्षा आपली जुनी पंगतच बरी. माणसे आपापल्या जागी बसतात, वाढपी तेवढे फिरतात. पंगती समोरासमोर न मांडता एकाच दिशेस तोंड करून मांडाव्यात. स्वागतगीत मुलींनी अवश्य म्हणावे, पण मांडवाच्या मोकळ्या कडेस उभे राहून. गाताना श्वास जोराने बाहेर पडतो, हे त्या स्कॅजिटच्या मंडळींनी फार मोठी किंमत देऊन आपणास शिकविले आहे. लांबलचक भाषणांविषयीही हाच न्याय लावावयास हरकत नाही. पण त्याचा उच्चार मी आता करणे शोभणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. हातास लावण्याच्या द्रावणात मद्यार्क साठ टक्क्यांहून अधिक असतो व तो चटकन पेट घेतो. पाहुण्यांच्या हातांवर ते द्रावण शिंपडून त्यांस लगेच समईजवळ दीपप्रज्वलनास नेऊ नये. हात पूर्ण वाळू द्यावेत. त्याहून साबण व पाणी बरे. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर हे द्रावण फारसे चालत नाही, साबणाने हात धुतले तर ते वाहून जातात.

आता मी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. जागा, वारा, पाणी यांची व्यवस्था पैशाने होते. परंतु तापाने फणफणलेल्या माणसाने त्या दिवशी घरी राहावे, ही व्यवस्था पैशाने होत नाही. ती रीत पाडूनच होते. आपली रीत काय आहे? मुलास दहावीत चांगले गुण मिळाले. त्याचे नाव पुकारले जाणार. व्यासपीठावर जाऊन पारितोषिक घेतानाचे छायाचित्र निघणार. आजी गावाहून आली आहे. आणि त्या दिवशी सकाळी मुलास ताप भरला. कोणते आईबाप त्यास घरी ठेवतील? ते त्यास तापाची गोळी देतात व घेऊन येतात. मी त्यांस दोष देत नाही. आपण नियमच असा केला आहे की जो हजर त्याचाच गौरव, गैरहजराचे पाकीट नंतर चिटणीसांच्या कपाटातून न्यावे. जोपर्यंत घरी राहणाऱ्याचे नुकसान होते, तोपर्यंत आजारी माणूस घरी राहणार नाही. म्हणून नियम बदलावा. आजारपणामुळे जो विद्यार्थी येऊ शकला नाही, त्याच्या घरी महिन्याच्या आत मंडळाच्या दोन सभासदांनी शाल-श्रीफळ घेऊन जावे, छायाचित्र काढावे, आणि ते वार्षिकांकात इतरांच्या बरोबरीने, त्याच पानावर छापावे. बाहेरगावच्या वक्त्यास ताप आला तर त्याचे भाषण दुसऱ्याने वाचावे व मानधन पूर्ण द्यावे. भोजनशुल्क भरून जो आजारामुळे आला नाही, त्यास पैसे परत करावेत. हिशेबनीस माझ्याकडे पाहत आहेत. तरीही हे मी म्हणतो.

घरच्या घरी तपासणी करण्याची साधने २०२१ पासून आपल्या देशात मिळू लागली आहेत. त्यांतील पहिले पुण्यातच तयार झाले. ती उपयोगी आहेत. पण लक्षणे असताना तपासणीत काही निघाले नाही म्हणून निर्धास्त होऊन सभेस येणे हा भ्रम आहे, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत रोग असूनही पुष्कळदा दिसत नाही. तपासणीपेक्षा खोकला अधिक प्रामाणिक असतो. प्रवेशद्वारी उपस्थितांची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत, म्हणजे मागाहून कोणी आजारी पडल्यास शेजारी बसलेल्यांस कळविता येईल. महिन्यानंतर ती यादी फाडून टाकावी. लग्ने जुळविण्यासाठी ती वापरू नये.

या सर्व खटाटोपाचे कारण काय, हे सांगितल्याविना माझे बोलणे पुरे होणार नाही. आपल्या एक भगिनी (नाव घेण्याची त्यांची परवानगी नाही) स्वतः शिक्षिका होत्या. मातोश्रींच्या स्मरणार्थ गणितात प्रथम येणाऱ्या मुलीस त्या दरवर्षी पारितोषिक देतात, आणि ते स्वतःच्या हाताने देत असत. त्यांचे मूत्रपिंड बदललेले आहे. शरीराने ते नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून जी औषधे घ्यावी लागतात, त्यांनी रोगाशी झुंजण्याची शक्तीच क्षीण होते. २०२० पासून त्या एकाही परिषदेस आलेल्या नाहीत. पैसे न चुकता येतात. गेल्या खेपेस त्यांना विचारले असता त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, त्या बंद खोलीत मला डॉक्टर येऊ देत नाहीत. पटांगणात असती तर एका बाजूला बसले असते." अशी माणसे आपल्यात किती असतील? कर्करोगावरील उपचार घेणारे, मधुमेहाने जर्जर झालेले, तान्ही मुले असलेल्या माता. ती येत नाहीत व का येत नाहीत हेही सांगत नाहीत. आपण त्यांस 'हल्ली रस राहिला नाही' या सदरात घालून मोकळे होतो. २०२१ च्या आपल्या वार्षिकांकातील श्रद्धांजलीची पाने आपणांपैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. त्या पानांवर ज्यांची छायाचित्रे होती, त्यांच्या विधवा व त्यांचे वृद्ध मातापिता हे आज आपले सभासद आहेत. त्यांस सभेत बोलाविताना सुरक्षित जागी बोलाविणे हे संस्थेचे काम आहे.

आता माझी सूचना. आपली परिषद निकालानंतर जुलै-ऑगस्टात भरते. इन्फ्लुएंझाची लाट आपल्या भागात पावसाळ्यातच चढते. जानेवारी ते मार्च या काळात दुसरी येते. म्हणजे रोग जेव्हा जोरात, आणि पावसामुळे दारे-खिडक्या जेव्हा बंद, तेव्हाच आपण दोनशे माणसे एकत्र बसवितो. याऐवजी दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज होऊन फटाक्यांचा धूर निवळल्यावर, शाळेच्या पटांगणात परिषद घ्यावी. पाऊस गेलेला असतो, ऊन सोसण्याजोगे असते, शाळा रिकामी असते. पत्करलेल्या सभागृहाचे भाडे वाचेल. त्यातून मांडव, ध्वनिक्षेपक व हवेचे ते यंत्र यांचा खर्च सहज भागावा.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, नोव्हेंबरापर्यंत निकाल शिळा होतो. असेल, पण शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची, पुढील प्रवेशपरीक्षांची जी माहिती मुलांस द्यावयाची ती शिळी होत नाही. उलट महाविद्यालयासाठी परगावी गेलेली मुले दिवाळीस घरी परतलेली असतात व चार महिन्यांच्या अनुभवावरून ती धाकट्यांस अधिक उपयोगी सल्ला देतील. दुसरा आक्षेप असा की, वातानुकूलित सभागृह सोडून पटांगणात बसणे संस्थेच्या प्रतिष्ठेस कमीपणा आणणारे आहे. यास उत्तर देण्याचे मला प्रयोजन वाटत नाही. ज्यांनी ही संस्था काढली ते कोणत्या सभागृहात बसले होते, हे सभेतील वडीलधाऱ्यांस विचारावे.

परगावच्या पाहुण्यांच्या उतरण्याची सोय शाळेच्या वर्गांत करावयाची झाल्यास एका वर्गात सहाहून अधिक माणसे ठेवू नयेत आणि समोरासमोरच्या खिडक्या रात्रीही उघड्या ठेवाव्यात; पांघरुणे आणण्याची सूचना निमंत्रणपत्रिकेतच छापावी. साठीच्या पुढील सभासदांनी इन्फ्लुएंझाच्या लशीविषयी आपल्या डॉक्टरांस निदान महिनाभर आधी विचारावे, कारण लस टोचल्यापासून तिचा गुण येण्यास साधारण दोन आठवडे लागतात.

पटांगणासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे अर्ज दसऱ्यापूर्वी गेला पाहिजे. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे व तो चिटणीसांच्या हवाली करीत आहे. सभेने अनुमती दिल्यास त्याखाली अध्यक्षमहाराजांची सही तेवढी व्हावयाची आहे.